परतीचं खोकं: काउंटरवर नवीन लागलेल्यांसाठी

सांगलीत विश्रामबागच्या एका कुरिअर काउंटरवर मी सात वर्षं बुकिंग घेते. यंदा आमच्याकडे तीन नवीन मुलं लागली. त्यांना रोज जे सांगते तेच इथे लिहिते आहे, कारण माझ्या पहिल्या महिन्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचा भुर्दंड एका विद्यार्थ्याला बसला.

वालचंद कॉलेजचा मुलगा होता. ऑनलाइन मागवलेला हेडफोन एकाच कानात वाजत होता. विक्रेत्याने परतीचं लेबल पाठवलेलं, ते छापून आणि हेडफोन ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यात भरून तो आला. मी लेबल वर नीट चिकटवलं, पावती दिली, संध्याकाळच्या गाडीत खोकं गेलं. नवव्या दिवशी तेच खोकं आमच्याच काउंटरवर हजर! उलटं करून बघितलं तर तळाला जुनं लेबल तसंच होतं, त्याच्या खोलीच्या पत्त्याचं. हबमध्ये, म्हणजे पार्सलं गावोगाव वेगळी करतात त्या केंद्रात, पट्ट्यावरून माल सरकतो तेव्हा स्कॅनरला जो बारकोड आधी दिसेल तो तो वाचतो. त्या दिवशी तळ वर होता. तोवर परतीची मुदत उलटली होती. विक्रेत्याच्या मागे लागून पैसे मिळाले, पण सव्वा महिन्याने. मुलगा एकदाही आवाज चढवून बोलला नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून खोकं हातात आलं की मी सहाही बाजू बघते. जुनं लेबल, मधल्या हबचे चिकटवलेले छोटे स्टिकर, सगळं निघालं पाहिजे. निघत नसेल तर वर कोरा कागद पूर्ण चिकटवा. पेनने दोन आडव्या रेघा मारून भागत नाही. बारकोडच्या रेघा उभ्या असतात आणि प्रत्येक रेघेत वरपासून खालपर्यंत तीच माहिती असते, त्यामुळे बोटभर पट्टी शाबूत राहिली तरी मशीन ती वाचतं.

नवं लेबल सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर लावा. कडेवर दुमडलं किंवा झाकणाच्या फटीवर आलं की बारकोड मोडतो. घरी छापताना गिऱ्हाईक पानात बसवायला लेबल लहान करतात, मग रेघा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी पीडीएफ मागून घ्या आणि पूर्ण आकारात पुन्हा छापा. थर्मल, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने छापलेल्या लेबलावर चिकटटेप मारू नका, टेपच्या डिंकाने छपाई फिकी पडते. उलट घरच्या इंकजेट प्रिंटरवरचं लेबल असेल तर ते पारदर्शक पाकिटात घालाच. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय पाऊस असतो ते सांगायला नको, आणि ती शाई एका शिंतोड्याने पसरते. लेबलाची एक प्रत खोक्याच्या आतही ठेवा. बाहेरचं फाटलं तरी आतलं बोलतं.

परतीच्या लेबलावर 'प्रति' म्हणजे विक्रेत्याचं गोदाम, बरेचदा भिवंडीचं. सवयीने लोक तिथे स्वतःचा पत्ता लिहितात. हाताने लिहिलेला पत्ता असेल तर पिनकोड मोठ्याने वाचून घ्या. 416416 सांगली, 416410 मिरज. सहाचं शून्य झालं की पार्सल दुसऱ्या गावाला. जिल्ह्यावरून अंदाज तर बांधूच नका. 416 मध्ये कोल्हापूरही येतं आणि कणकवलीही, तर आपल्याच जिल्ह्यातलं विटा साताऱ्यासारखं 415 मध्ये आहे, 415311. (ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. टपाल खात्यातला मराठी अधिकारी आणि संस्कृतचा कवी! मला त्याचा अभिमान वाटतो.)

पॅकिंग मात्र मी काउंटरवर शिकले नाही. ते शिकले मिरजेत, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या आधीची ही गोष्ट. तिथल्या एका चाचांनी ऑनलाइन विकलेला तंबोरा गिऱ्हाइकाने परत पाठवला होता, आणि तो द्यायला मी गेले होते. खोकं उघडलं तर भोपळ्याला टाचेपासून वरपर्यंत तडा. चाचांनी काही न बोलता तारांवर बोट ठेवलं. तारा तशाच ताणलेल्या. मग दुसरा तंबोरा घेऊन त्यांनी दाखवलं: आधी खुंट्या सैल, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून वेगळी गुंडाळायची, भोपळ्याभोवती कापूस आणि जुनी चादर, दांडीखाली सलग आधार. शेवटी खोकं कानाशी धरून हलवलं. "आवाज आला तर अजून भरायचं, बेटी. आत जागा राहिली की वस्तू आतल्या आत आपटत जाते."

मिक्सर असो वा काचेचा बरणी संच, मी हेच करते. वस्तू आणि पुठ्ठ्याच्या मध्ये चहूबाजूंनी दोन इंच भरण, बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला, आणि कानाशी धरून हलवणं. झाकणाच्या मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांना एकेक, अशी इंग्रजी 'एच'सारखी टेप. सुतळी नको, ती पट्ट्यात अडकते. आणि हाताला लागलं ते मोठं खोकं घेऊ नका. बऱ्याच कुरिअरमध्ये लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा किलोतलं वजन म्हणून धरतात. 40 बाय 30 बाय 30 च्या खोक्यात उशी घातली तरी 7.2 किलोचे पैसे लागतात.

बॅटरी असलेली वस्तू न विचारता घेऊ नका. नुसती लिथियम-आयन बॅटरी, म्हणजे पॉवर बँकसुद्धा, 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून मालात जात नाही. ती रस्त्याने पाठवायची आणि तसं कागदावर लिहायचं. मोबाईल परत येत असेल तर गिऱ्हाइकाला त्यातून खातं काढायला लावा आणि *#06# दाबून येणारा 15 आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बिलाशी जुळवा.

लोक तुम्हाला हेही विचारतील की विक्रेता माल परत घेतच नाही, काय करू? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा दाखवला तसा नसेल तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाहीच झालं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायला सांगा.

वजन नेहमी गिऱ्हाइकाच्या समोर करा, आकडा ग्रॅमपर्यंत पावतीवर येऊ द्या, आणि खोकं बंद करायच्या आधी एक फोटो, नंतर एक. सांगलीवाडीच्या एका आजींचा मिक्सर असाच परत गेला. गोदामातून उत्तर आलं, खोकं रिकामं होतं. आजी दुसऱ्या दिवशी आल्या, पावती प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेली. त्यावर 3 किलो 180 ग्रॅम. आमच्याकडच्या फोटोत मिक्सर, त्याची जार आणि मागे काट्यावरचा तोच आकडा. दोन्ही पाठवले आणि आठवड्यात त्यांचे पैसे आले. थर्मल पावतीची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून आता पावती देताना मी म्हणते, मोबाईलमध्ये फोटो काढा आधी. आजींकडे साधा फोन होता. त्यांच्या पावतीचा आकडा मी पेनने पुन्हा गिरवून दिला.