जर्मनीतलं पहिलं वर्ष आणि डोक्यावरचं एज्युकेशन लोन

जर्मनीत नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींशी पैशांवर बोलायला बसलं की पहिले प्रश्न किराण्याचे येतात. तांदूळ कुठे स्वस्त, कोथिंबीर कुठे मिळते, डबा न्यायचा की मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवायचं. प्रश्न रास्त आहेत, पण कर्ज त्यांनी फिटत नाही. इथे पैसा रोजच्या खर्चात फारसा गळत नाही. तो जातो खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांत आणि वर्षातून एकदा अंगावर येणाऱ्या बिलांत. तिकडे भारतात बँकेचं व्याज मात्र सुट्टी घेत नाही. म्हणून आधी कर्जाचं बोलू, किराणा नंतर.

शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने किंवा वर्षभर हप्ता नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. या काळात व्याज चढतच असतं आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं जातं, हे कागदावर सही करूनही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हिशोब करून बघा. 20 लाखांचं कर्ज, 11 टक्के दर, सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरू. वर्षाचं व्याज 2 लाख 20 हजार. दोन वर्षांचं मास्टर्स आणि वर सहा महिने, म्हणजे अडीच वर्षांत साडेपाच लाख. हप्ते सुरू होतात ते 25.5 लाखांवर. दहा वर्षांची मुदत धरली तर 20 लाखांवर महिना साधारण 27,550 रुपये भरावे लागले असते, आता 35,100 च्या पुढे भरावे लागतात. फरक महिन्याला साडेसात हजारांचा, दहा वर्षांत नऊ लाखांचा. आणि त्या 35 हजारांच्या पहिल्या हप्त्यातले 23 हजारांहून जास्त निव्वळ व्याजात जातात, मुद्दल हलतं जेमतेम बारा हजारांनी.

याउलट शिकतानाच दरमहा व्याज भरत गेलात तर ते पडतं 18,300 रुपयांच्या आसपास. युरो हल्ली शंभर रुपयांच्या वर आहे, तेव्हा पावणेदोनशे-एकशेऐंशी युरो. वेर्कस्टुडंटची, म्हणजे शिकताना करायची अर्धवेळ, नोकरी लागली की हे जमतं. नोकरी नसताना जमत नाही, आणि त्यासाठी उपाशी राहू नका. अर्धं व्याज भरलं तरी अर्धा भार हलका होतो. काही बँका अभ्यासकाळात नियमित व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सूटही देतात, शाखेत विचारून घ्या.

यातूनच स्पेरकोन्टोचा, म्हणजे ब्लॉक केलेल्या खात्याचा, मुद्दा निघतो. व्हिसासाठी 11,904 युरो ब्लॉक केलेत, त्यातले महिन्याला 992 तुमच्या हाती पडतात. पहिल्याच महिन्यात 992 खात्यात दिसले की पगार झाल्यासारखं वाटतं. पगार नाही तो, 11 टक्क्यांनी उचललेला पैसा आहे. महिनाअखेर त्यातले दीडशे उरले तर ते इथल्या बचत खात्यात दोनेक टक्क्यांवर कुजवण्यापेक्षा व्याजापोटी परत पाठवणं कधीही फायद्याचं.

आता घर. पहिल्या वर्षी एकट्यासाठी अपार्टमेंट घेऊ नका, वेगेमध्ये, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेल्या घरात, खोली घ्या. भाड्याच्या जाहिरातीत काल्टमीट, म्हणजे नुसतं भाडं, आणि वार्ममीट, म्हणजे हीटिंग-पाणी वगैरे धरून, असे दोन आकडे असतात. तुलना नेहमी वार्मची करा, आणि वीज-इंटरनेट त्यात धरलंय का ते विचारा, बऱ्याचदा धरलेलं नसतं. काउत्सिओन, म्हणजे डिपॉझिट, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. हे घरमालक आपणहून सांगत नाही. आल्या आल्या गादी, भांडी, थंडीचं जॅकेट असा खर्च एकदम येतो तेव्हा हे तीन हप्ते फार कामाला येतात. आणि घर न बघता, किल्ली हातात न घेता डिपॉझिट पाठवायचं नाही. मालक परदेशात आहे, किल्ली पोस्टाने येईल, असं कुणी सांगितलं की तिथेच विषय संपवा.

आन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदणीच्या, फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तो भरताना नीट वाचा. जे चर्चचे सभासद म्हणून नोंदले जातात त्यांना प्राप्तिकराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर वेगळा लागतो. तुम्हाला लागू नसेल तर चुकून तिथे खूण करू नका.

खोलीचा ताबा मिळाला की विजेच्या मीटरचा फोटो काढा, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा. तळघरात अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च लावून काढा. वीज स्वतःच्या नावावर असेल तर तुम्ही काहीच न करता ग्रुंडफेरझोर्गुंगमध्ये, म्हणजे स्थानिक कंपनीच्या मूळ योजनेत, ढकलले जाता, आणि ती सहसा महाग असते. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तिच्यातून बाहेर पडता येतं. दरमहा भरता तो नुसता अंदाज असतो, वर्षाने मीटर वाचून फरक मागतात. भाड्यातल्या नेबेनकोस्टेनचंही, म्हणजे वरखर्चाचंही, तसंच. हीटिंग, पाणी, कचरा यांचा खरा हिशोब वर्ष संपल्यावर येतो. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत घरमालकाने तो दिला नाही, तर वाढीव रक्कम त्याला साधारणपणे मागता येत नाही. पहिला हिवाळा हीटर पाचवर, म्हणजे सगळ्यात वरच्या आकड्यावर, ठेवून काढलेल्यांना हे बिल चांगलंच झोंबतं. म्हणून त्या नावाने दरमहा तीस-चाळीस युरो वेगळे टाकत जा. बिल कमी आलं तर चांगलंच, ते पैसे कर्जाकडे वळवा.

"दादा, माझ्या खात्यातून 55 युरो कुणीतरी काढले!" असा फोन दरवर्षी कुणाचा ना कुणाचा येतोच. कुणी चोरलेले नसतात. तो रुंडफुंकबायट्राग असतो, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी. महिना 18.36 युरो, तीन महिन्यांची मिळून 55.08. घरात टीव्ही असो-नसो, भरावीच लागते. पण ती माणशी नाही, घराशी आहे. वेगेमध्ये चौघे असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी वाटणी द्यायची. तुमच्या नावाचं पत्र आलं की भरणाऱ्याचा क्रमांक कळवून आपलं नाव काढून घ्या. पत्राकडे दुर्लक्ष करणारे पुढे थकबाकी आणि वर दंड असं सगळं एकदम भरतात. जर्मनीत पाकीट न उघडणं ही सगळ्यात महागडी सवय आहे.

हे सगळं लास्टश्रिफ्टने जातं, म्हणजे समोरचा तुमच्या खात्यातून स्वतः ओढून घेतो. सोय आहे, पण कुठल्या तारखेला काय जाणार हे डोक्यात राहत नाही. मी सगळ्यांना एकच कागद करायला सांगतो. डावीकडे बारा महिने, उजवीकडे त्या त्या महिन्यात ओढली जाणारी रक्कम. सेमिस्टरची फी वर्षातून दोनदा, रुंडफुंक चारदा, हाफ्टफ्लिश्ट विमा एकदा, भारताचं तिकीट एकदा. बेरीज करून बाराने भागा आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात टाका. हाफ्टफ्लिश्ट मात्र काटकसरीच्या नावाखाली गाळू नका. वर्षाला पन्नास-साठ युरोत मिळतो, आणि तुमच्या हातून दुसऱ्याचं मोठं नुकसान झालं तर तोच कामी येतो.

खातं रिकामं असताना लास्टश्रिफ्ट आली तर डिस्पो, म्हणजे ओव्हरड्राफ्ट वापरला जातो. त्याचा दर अनेक बँकांत 10 टक्क्यांच्या पुढे असतो. "फुकट" क्रेडिट कार्ड त्याहून वाईट. त्यातली काही टाइलत्सालुंगवर, म्हणजे थोडंथोडं फेडण्याच्या सेटिंगवरच हाती येतात आणि उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढतं. सेटिंग बदलून पूर्ण रक्कम दरमहा कापली जाईल असं करा, होत नसेल तर कार्ड बंद करा. दोन्हीकडे देणं असेल तर जिथला दर जास्त तिथे आधी फेडा, एज्युकेशन लोनचा किमान हप्ता तेवढा चुकवू नका.

जिम, मोबाईल, इंटरनेट यांच्या करारांना लोक उगाच घाबरतात. 1 मार्च 2022 नंतर केलेल्या अशा करारांची पहिली मुदत संपली की पुढे एक महिन्याच्या नोटिशीवर ते कधीही थांबवता येतात. जुलै 2022 पासून ऑनलाइन करार घेणाऱ्यांना वेबसाइटवर रद्द करण्याचं बटणही ठेवावं लागतं. तरी पहिल्या वर्षी 24 महिन्यांचा मोबाईल करार कशाला? प्रीपेड घ्या, फोन जुनाच वापरा.

प्रवासासाठी डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं, जानेवारी 2026 पासून 63. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी ते सेमिस्टर फीमध्येच मिळतं, तेव्हा वेगळं काढण्याआधी विद्यापीठात विचारा. नोकरदारांनी कंपनी त्याला हातभार लावते का ते बघावं. सुट्टीवर महिनाभर भारतात जाणार असाल तर आदल्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करा, परतल्यावर पुन्हा घ्या.

किराण्यावर थोडक्यात. डाळ-तांदूळ मोठ्या पिशव्यांत घ्या, कोथिंबीर-पुदिना-कांदे तुर्की दुकानात, बाकी डिस्काउंट दुकानांत. रविवारी सगळं बंद असतं, शनिवारी खरेदी विसरलात की स्टेशनवरच्या दुकानात जास्त मोजावे लागतात. प्लास्टिकच्या बाटलीचे 25 सेंट मशीनमध्ये परत मिळतात, फेकू नका. कॉफी बाहेर प्यायची की नाही यावर मी कुणाला उपदेश करत नाही. मित्रांबरोबर बसण्याचे तीन युरो वाचवून कुणाचं कर्ज लवकर फिटल्याचं मी पाहिलेलं नाही. एकटं पडणं त्याहून महाग पडतं.

घरी पैसे पाठवताना "फी शून्य" या शब्दांना भुलू नका, मार्जिन दरात लपवलेलं असतं. बघायचं एकच, 500 युरो पाठवले तर भारतातल्या खात्यात नेमके किती रुपये पडतात. त्याच दिवशी दोन-तीन सेवांचे आकडे शेजारी ठेवा. दर वाढेल म्हणून पैसे अडकवून बसू नका. इथे पगार बहुधा महिनाअखेरीस होतो आणि तिकडे हप्ता पाच तारखेला असतो, मधे शनिवार-रविवार आला की घोळ होतो. म्हणून भारतातल्या खात्यात दोन हप्त्यांइतकी रक्कम कायम पडून असू द्या. हप्ता बाऊन्स झाला तर दंड तर बसतोच, पण सहकर्जदार म्हणून सही केलेल्या आईबाबांचाही सिबिल स्कोअर घसरतो, आणि बँकेचा फोन आधी त्यांना जातो. परदेशी वास्तव्य झालं की तिथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायचं असतं, तेही याच सुमारास उरका.

जास्त कमावण्याच्या नादात कामाची मर्यादा ओलांडू नका. विद्यार्थ्यांना मार्च 2024 पासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. रोखीने, कागदाविना काम देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. व्हिसा गेला तर कर्ज रुपयांतल्या पगारातून फेडावं लागेल.

नोकरी लागली की लगेच सगळे पैसे कर्जात ओतायची घाई होते. थांबा. प्रोबेत्साइट, म्हणजे सुरुवातीचे बहुधा सहा महिने, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. तेवढ्या काळात फक्त हप्ता भरा आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला साठवा. त्यानंतर जोर लावा.

जोर लावायला मोठी रक्कम बऱ्याचदा टॅक्स रिटर्नमधून येते. कर दरमहा असा कापतात की जणू वर्षभर तेवढाच पगार आहे. तुम्ही ऑगस्टला रुजू झालात तर बाकीचे महिने कोरे असतात, म्हणून त्या वर्षीचा परतावा चांगला भरतो. रिटर्न भरणं सक्तीचं नसेल तरी चार वर्षं मागे जाऊन भरता येतं. एल्स्टर हे सरकारी पोर्टल फुकट आहे. पदवीनंतरच्या मास्टर्सचा खर्चही, फी, पुस्तकं, लॅपटॉप, दाखवून तोटा म्हणून पुढच्या वर्षांत ओढता येतो. त्यामुळे शिकत असतानाच्या वर्षांचीही रिटर्न भरा आणि पावत्या पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये ठेवा.

परतावा आला की प्रीपेमेंट करा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँकेला घेता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फक्त पैसे भरताना शाखेला ईमेल लिहा, की ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवावा आणि मुदत कमी करावी. लिहिलं नाही तर रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून नुसती पडून राहू शकते. आठवड्याभरात नवं वेळापत्रक मागवा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरंच अलीकडे आलीय का ते बघा. आली नसेल तर आईबाबांना शाखेत पाठवण्याआधी स्वतः फोन करा, भारतात सकाळी अकरा म्हणजे इथे उन्हाळ्यात साडेसात, कामाला निघण्याआधी होऊन जातं.