शाळा विकास आराखडा पालकांनी कसा करायचा

शाळा व्यवस्थापन समितीवर तुमचं नाव आलंय ना, मग आधी मागचा शाळा विकास आराखडा, म्हणजे शाळेला पुढे काय काय लागेल याचं लेखी नियोजन, मागून घ्या आणि खरंच वाचा. बऱ्याच ठिकाणी तो मुख्याध्यापक एकटेच भरतात आणि पालक सही करून घरी जातात. हे मला फार चुकीचं वाटतं, कारण शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २२ नी हे काम समितीलाच दिलंय आणि समितीत निदान ७५ टक्के पालक, एकूण निम्म्या बायका हव्यात असंही कायद्यातच आहे. (अनुदानित शाळेत समिती फक्त सल्ला देते, विनाअनुदानितला हे लागू नाही.)

सुरुवात भिंतीच्या रंगापासून नको, मुलं मोजण्यापासून करा. दोघी-तिघींनी मिळून घरोघर फिरायचं, अंगणवाडीची यादी सोबत घ्यायची, पुढच्या ३ वर्षांत कितीजण ६ वर्षांचे होतील, कोण मध्येच शाळेत यायचं थांबलं, कोण आईबापाबरोबर ऊसतोडीला जातं, कुणाला चालता येत नाही म्हणून घरीच बसवलंय, सगळं वहीत लिहायचं. ही वही लई कामाची आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० ला ३ असं कायद्याच्या परिशिष्टात आहे, म्हणजे घरी बसलेलं एक मूल पटावर आणलं तरी कधीकधी तिसरा शिक्षक हक्काने मागता येतो.

मग शाळा बघा. संडास आहे का एवढंच विचारू नका, पाणी येतं का, दाराला कडी लागते का, हे मुलींना विचारा, त्या बरोबर सांगतात.

मीटिंग मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवा, नाहीतर ज्यांची मुलं शाळेबाहेर आहेत तेच येणार नाहीत. प्रत्येक मागणीपुढे कधी, किती खर्च, कोण पाठपुरावा करणार हे लिहा आणि ठराव इतिवृत्तात त्याच दिवशी उतरवून घ्या.

केंद्र सरकारच्या या कायद्याखालच्या नमुना नियमांत आराखडा ३ वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचा वेगळा भाग. मार्चची वाट न बघता डिसेंबरपर्यंत तयार करा, ग्रामसभेत वाचून दाखवा, अध्यक्षांच्या सहीने द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. पुढच्या मीटिंगला सगळ्यात आधी तीच प्रत काढायची, काय झालं काय राहिलं ते एकेक करून वाचायचं.