कागद आधी करडा, मग तांब्या: चारकोलने घरातील वस्तूचे चित्र कसे काढावे

शालेय वयात एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी केलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी तांब्या काढलेला असतो. त्याची रीत ठरलेली असे: पेन्सिलीने मध्यरेषा आखायची, तिच्या दोन्ही बाजूंना अंतरे मोजायची, बाह्यरेषा पक्की करायची आणि सर्वांत शेवटी छटा भरायच्या. तोच तांब्या चारकोलने, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाने, काढायला घेतला की ही सवय आडवी येते. कारण या माध्यमाची खरी ताकद रेषेपेक्षा छटांमध्ये आहे. म्हणून पहिल्या प्रयोगासाठी मी उलटी रीत सुचवतो. आधी सगळा कागद करडा करावा आणि मग उजेडाच्या जागा खोडत त्यातून उजेड बाहेर काढावा. वस्तू मात्र रोजच्या वापरातलीच घ्यावी, म्हणजे तिचा आकार समजून घेण्यात शक्ती खर्च न होता सगळे लक्ष माध्यमाकडे राहते.

साहित्य थोडके आहे. ए-थ्री आकाराचा, किंचित खरखरीत कार्ट्रिज कागद किंवा हातकागद घ्यावा. गुळगुळीत कागदावर भुकटी ठरत नाही. विलो या झाडाच्या किंवा द्राक्षवेलीच्या फांद्यांपासून केलेल्या चारकोलच्या चार-पाच काड्या, दाबून केलेल्या चारकोलची (कॉम्प्रेस्ड) एक कांडी, मळता येणारे खोडरबर, जुने सुती फडके आणि कागद लावायला पाट किंवा बोर्ड एवढे पुरते. दोन प्रकारच्या चारकोलमधला फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. फांदीच्या चारकोलमध्ये बंधक, म्हणजे भुकटी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ, नसतो, त्यामुळे तो फडक्याने सहज पुसला जातो. दाबलेल्या कांडीत बंधक असतो आणि ती कागदाला घट्ट धरून बसते. मी पहिल्या दिवशी कागद दाबलेल्या कांडीनेच भरला आणि नंतर कितीही घासले तरी त्यातून उजेड निघेना. इस्त्रीच्या कोळशाचाही मोह धरू नये. तो कठीण असतो आणि कागदावर ओरखडे पाडतो.

मळते खोडरबर मिळाले नाही तर शिळ्या पावाचा आतला मऊ भाग गोळी करून वापरावा. रबर येण्यापूर्वी युरोपातील चित्रकार पावानेच खोडत असत. पाव लोणी किंवा तूप न लावलेला असावा, नाहीतर कागदावर तेलकट डाग उमटतो.

आता मांडणी करावी. पितळी तांब्या साध्या, एकरंगी कापडावर ठेवून एकाच बाजूने खिडकीचा किंवा टेबललॅम्पचा प्रकाश घ्यावा आणि खोलीतील ट्यूबलाइट बंद करावी. दोन-तीन दिशांनी उजेड आला की सावल्या एकमेकींत मिसळतात. चित्रासाठी तांब्या मुद्दाम चिंचेने घासून लखलखीत करू नये. चकचकीत पितळेत सगळी खोली दिसू लागते आणि नवशिक्याची नजर त्या प्रतिबिंबांतच अडकते. पंखाही बंद ठेवावा, जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे आणि बोर्ड शक्य तितका उभा ठेवावा, म्हणजे भुकटी चित्रावर न साचता खाली पडते.

फांदीच्या चारकोलची काडी आडवी धरून हलक्या हाताने सगळा कागद भरावा आणि फडक्याने पुसून त्याची सारखी, मध्यम करडी छटा करावी. कागद पूर्ण काळा करू नये. पुढे याहून गडद छटा लावायच्या आहेत. कागदावरच्या या करड्या थरावर काडीच्या टोकाने तांब्याची उंची, पोटाची रुंदी, गळा आणि तोंड यांच्या फक्त खुणा कराव्यात. तोंडाचे लंबवर्तुळ आणि बुडाची कड यांकडे नीट पाहावे. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर बुडाची कड तोंडाच्या वर्तुळापेक्षा अधिक गोलाईने वळते; ती सपाट काढली की तांब्या टेबलावर न टेकता तरंगल्यासारखा दिसतो.

यानंतरचा भाग सर्वांत रंजक आहे आणि त्याला वेळ द्यावा. डोळे किलकिले करून तांब्याकडे पाहावे, म्हणजे बारकावे पुसले जाऊन उजेडाचे दोन-तीन मोठे तुकडेच उरतात. खोडरबर मळून त्याला चपटे टोक काढावे आणि ते त्या तुकड्यांच्या जागी दाबून तिथली भुकटी उचलावी, घासू नये. माझ्या तांब्यावर खिडकीचे प्रतिबिंब पोटाच्या गोलाईप्रमाणे वाकलेल्या, उभट चौकोनासारखे पडले होते आणि त्याला अगदी लागून चित्रातला सर्वांत गडद पट्टा होता. धातूची ओळख या शेजारामुळेच पटते. मातीच्या माठावर उजेड हळूहळू विरत जातो, पितळेवर तो एकदम तुटतो. म्हणून तिथली कड बोटाने मऊ करू नये. तसेही बोट शक्यतो लावूच नये, त्वचेचा तेलकटपणा कागदावर बसतो आणि ती जागा नंतर स्वच्छ खोडली जात नाही.

उजेड जागेवर आल्यावरच दाबलेली कांडी हाती घ्यावी आणि ती फक्त गळ्याखालची सावली, तोंडाच्या आतला अंधार आणि बुडाखालची बारीक रेघ इथेच वापरावी. सावलीच्या बाजूची कड कापडाच्या परावर्तित उजेडाने किंचित उजळलेली असते. ती अलगद उचलावी, पण मुख्य उजेडाइतकी पांढरी होऊ देऊ नये. काही ठिकाणी तांब्याची कड मागच्या करड्यात हरवून जाईल. तिथे रेष ओढण्यासाठी हात शिवशिवतो, पण ती जागा तशीच सोडावी.

फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदावर पक्की बसवणारा द्रव, लगेच फवारू नये. त्याने छटा किंचित गडद होतात आणि नंतर खोडून दुरुस्ती करणे अवघड जाते. चित्र रात्रभर उभे ठेवावे, मांडणी हलवू नये आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळच्या उजेडात दोन्ही शेजारी पाहून राहिलेला उजेड उचलून घ्यावा. मग उघड्या गच्चीवर हातभर अंतरावरून दोन पातळ फवारे मारावेत, वाळल्यावर वर बटर पेपर ठेवावा आणि तांब्या स्वयंपाकघरात परत द्यावा.