दम्याचा अटॅक घड्याळावरून ओळखायचाय? आधी पेशंट वेगळे काढा

मनगटावरच्या घड्याळावरून दम्याचा अटॅक आधी ओळखायचा, असा प्रोजेक्ट घेतलात म्हणजे पायथन आणि मॉडेलं येत असणारच. घात होतो तो डेटा विभागताना.

समजा ४० पेशंट, प्रत्येकाचे ९० दिवस, म्हणजे ३६०० ओळी. प्रत्येक ओळीत मागच्या ७ दिवसांची सरासरी: रात्रीची नाडी, श्वासाचा वेग, झोपेतली चाळवाचाळव. ओळींचे सरसकट ८०:२० भाग केलेत (८० टक्के मॉडेलला शिकवायला म्हणजे ट्रेनिंगला, २० टक्के तपासायला म्हणजे टेस्टला), की एका पेशंटचा मंगळवार ट्रेनिंगमध्ये जातो आणि त्याचाच बुधवार टेस्टमध्ये. दोन्ही ओळींत ७ पैकी ६ दिवस तेच! मॉडेलला अटॅक कळत नाही, तो माणूस पाठ होतो. अचूकतेचा आकडा झकास येतो आणि नव्या पेशंटवर कोसळतो. म्हणून पेशंटच वेगळे काढा. ३२ शिकवायला, ८ तपासायला. या आठांची एकही ओळ शिकवताना नको. स्केलिंगसुद्धा (वेगवेगळे आकडे एका मापात आणणं) ३२ जणांवरूनच. पेशंटची स्वतःची बेसलाइन, म्हणजे नेहमीची पातळी, धरत असाल तर पहिल्या १४ दिवसांवरून काढा आणि ते दिवस तपासणीत मोजू नका. पूर्ण ९० दिवसांवरून काढली तर पुढे काय होणार हे मॉडेलच्या कानात सांगितल्यासारखं होतं.

हे केल्यावर आकडा धाडकन उतरेल. घाबरू नका, खरं काम तिथून सुरू होतं.

गाईड फक्त अ‍ॅक्युरसी (एकूण किती टक्के बरोबर) विचारत असतील तर त्यांच्यापुढे हा हिशेब ठेवा. ३६०० पैकी ३६ दिवस अटॅकच्या आधीचे असतील, तर रोज “काही होणार नाही” म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के बरोबर. सेन्सिटिव्हिटी (धोक्याच्या दिवसांपैकी किती पकडले) आणि स्पेसिफिसिटी (बिनधोक दिवसांपैकी किती बिनधोक म्हटले) दोन्ही ९० टक्के धरली तरी खरे इशारे ३२, खोटे ३५६. माणशी जवळपास ९ खोटे इशारे. अशाने घड्याळ कपाटात जातं.

साल्ब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) पंप ओढला की नाडी वाढते. पंपाची वेळ नोंदवली नसेल तर तुमचं मॉडेल अटॅक नाही, औषध ओळखतंय. पंपानंतरचे ६ तास बाजूला काढा.

“अटॅक” म्हणजे काय हे डेटा बघण्याआधी लिहून ठेवा. अमेरिकन आणि युरोपियन छातीरोग संघटनांची २००९ ची तीव्र अटॅकची व्याख्या घ्या: किमान ३ दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, किंवा दम्यामुळे इमर्जन्सीत जाऊन वा दवाखान्यात भरती होऊन स्टेरॉइड घ्यावं लागणं. खुद्द अटॅकचा दिवस मोजू नका. त्या दिवशी पेशंटला धाप कळलेलीच असते.

वाव मात्र आहे. मोठ्या अटॅकआधी पीक फ्लो (जोरात फुंकताना हवेचा सर्वाधिक वेग) बरेचदा ५ ते ७ दिवस हळूहळू उतरतो आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने. म्हणून घड्याळाच्या जोडीला साधा पीक फ्लो मीटर द्याच: सकाळ-संध्याकाळ, पंपाआधी, तीन फुंकांतला सर्वांत मोठा आकडा.