पुढची पट्टी शेजाऱ्याची, मागचं शेत आपलं: रस्त्याच्या अर्जाआधीची तयारी

मागचं शेत विकून रस्त्यालगतची दहा-बारा फुटांची पट्टी मालकाने स्वतःकडे ठेवली, की तो हयात असेतो वाट चालू राहते. पुढे त्याची मुलं तारेचं कुंपण घालतात. आमच्याकडे तेच झालं. अशी पट्टी 109 फूट लांब असली तर जेमतेम गुंठाभर भरते, पण मागची आख्खी जमीन तिच्यामागे कोंडून पडते.

आधी खरेदीखत बाहेर काढा आणि चतु:सीमा सावकाश वाचा. रस्त्याच्या बाजूला ‘रस्ता’ लिहिलंय की ‘लिहून देणाराची उर्वरित जमीन’? आमच्या खतात दुसरं होतं, आणि वडिलांनी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग ‘जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कासह’ हे शब्द शोधा. ते नसले तरी खचू नका. एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडले आणि आपल्या तुकड्याला दुसरी वाटच नसेल, तर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 13 तुमच्या बाजूचं आहे. म्हणूनच ती जमीन पूर्वी एकाच्याच नावावर होती हे दाखवणारे जुने सातबारे आणि फेरफार सर्वांत मोलाचे. ते मिळेपर्यंत तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या सोडू नका.

भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि गटाचा नकाशा घ्या. गाव नकाशात गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने असतो, पायवाट एकेरी. हद्दीचाच वाद असेल तर मोजणीचा अर्ज आधी द्या, तारीख मिळायला वेळ लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचं: वाट कोणत्या दिवशी अडवली ती तारीख लिहून ठेवा. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. ‘बघू, दिवाळीनंतर बसून मिटवू’ म्हणत आम्ही ती मुदत घालवली, त्याची हळहळ अजून आहे. बोलणी जरूर करा, पण अर्ज देऊन करा. रस्ता मुळातच नव्हता आणि नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम 143 लागतं. तो रस्ता बांधावरून मिळतो. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कालवू नका, ‘जुना रस्ता होता’ आणि ‘रस्ताच नव्हता’ ही विधानं एकमेकांना कापतात. खतावरून मागायचा हक्क दिवाणी न्यायालयातला, त्यासाठी वकील लवकर गाठा.

साक्षीला आपले भाऊबंद नकोत. त्या वाटेने गाडी हाकलेला सालगडी, ट्रॅक्टरवाला, शेजारच्या गटाचा म्हातारा माणूस बघा. कुंपणाचे, चाकोरीचे फोटो तारखेसह काढा. तार मात्र तोडू नका, तक्रार उलटून तुमच्यावरच येते.

स्थळपाहणीच्या दिवशी टेप, नकाशा आणि साक्षीदार घेऊन वेळेआधी बांधावर उभे राहा. ‘दुसरी वाट आहे का?’ हा प्रश्न तिथे हमखास येतो. पलीकडे ओढा असेल तर तो प्रत्यक्ष दाखवा. पंचनाम्यात तो आल्याशिवाय सही करू नका. निकाल बाजूने लागला की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात रस्त्याची नोंद घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.