क्रूझवर आजारी पडलात तर कागद जहाजावरच घ्या

जहाजावर दवाखाना असतो, पण फुकट नसतो. बिल बहुधा डॉलरमध्ये, थेट केबिनच्या खात्यावर चढतं. कॅशलेस, म्हणजे प्रवास विम्याच्या कंपनीने बिल परस्पर भरणं, तिथे सहसा चालत नाही. पुण्यात परतल्यावर क्लेम अडतो तो कागदांपायी, म्हणून उतरण्याआधीच मागून घ्या:

१. तपासणी, इंजेक्शन, औषधं वेगवेगळी दाखवणारं बिल. खात्याच्या हिशेबात नुसती 'मेडिकल' अशी ओळ आली, तर ती विमा कंपनीला पुरत नाही.
२. निदान लिहिलेला, डॉक्टरांच्या सहीचा रिपोर्ट.
३. पैसे भरल्याची पावती.

पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर शक्यतो उपचाराआधीच कळवा. बीपी-शुगरच्या गोळ्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते. जुना आजार पॉलिसी घेताना लपवला असेल, तर मात्र चोख कागद असूनही क्लेम नाकारला जाऊ शकतो.