कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवायचीय? आधी एवढं करून घ्या

लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. काही सीए, दोन-चार आर्किटेक्ट, भोसरी-चाकणकडची लहान युनिटं. बहुतेक ठिकाणी दहा ते तीस माणसं. एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराचं, बोलणं चालू असताना मालक कधी ना कधी दार लोटून घेतात आणि आवाज उतरवून विचारतात, "मॅडम, प्रत्येकाचा स्क्रीन माझ्या मोबाइलवर दिसेल असं काही करता येतं का?"

येतं. माणशी महिना काहीशे रुपयांत येतं आणि एका दुपारीत सगळ्या मशिनवर बसतं. पण मालकांच्या एक लक्षात येत नाही. पहिला आठवडा ते हौसेने बघतात, नंतर जीएसटीच्या तारखा आल्या की ॲप उघडतसुद्धा नाहीत. स्क्रीनचे फोटो मात्र दर दहा मिनिटांनी साठतच राहतात. ते बघू शकणारी माणसं उरतात दोन: ॲडमिन पासवर्ड माझ्याकडे असतो म्हणून मी, आणि ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते साठतात तिथलं कोणीतरी. अकाउंट्समधल्या ताईंचं नेट बँकिंग, कुणाच्या सासऱ्यांचा बायोप्सी रिपोर्ट, वकिलाला पाठवलेला घटस्फोटाचा मसुदा. मला यातलं काहीही बघायचं नाही. जे गोळा कराल ते सांभाळावं लागतं, म्हणून कमीत कमी गोळा करा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने सांगते.

भीती नेमकी कशाची?

मालकांना मी आधी एका कागदावर लिहायला लावते. दहापैकी नऊ वेळा तीनच गोष्टी निघतात: क्लायंटची यादी किंवा ड्रॉइंग बाहेर जाईल, माणसं टाइमपास करतात, आणि नोकरी सोडून जाणारा सगळं कॉपी करून नेईल. पहिल्या आणि तिसऱ्या भीतीवर स्क्रीनचे फोटो हा उपाय नव्हेच. फोटो दिसेल तोवर फाइल गेलेली असते. तिथे दारं बंद करावी लागतात.

टाइमपासचं जरा वेगळं आहे. माउस-कीबोर्ड किती हलला यावर टक्केवारी देणारी सॉफ्टवेअरं काम मोजत नाहीत, हालचाल मोजतात. सीएकडे आर्टिकलशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, करणारा मुलगा वीस मिनिटं एक निकाल वाचत बसला तर तो रिकामटेकडा ठरतो. मायक्रोसॉफ्टचं टीम्ससुद्धा पाच मिनिटं हात हलला नाही की पिवळा दिवा लावतं. मग लोक माउस हलवत ठेवणारी यंत्रं आणतात, ती ऑनलाइन सहज मिळतात. अमेरिकेत २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने कीबोर्ड चालू असल्याचा खोटा देखावा केला म्हणून डझनाहून जास्त लोकांना काढलं. फ्रान्समध्ये त्याच वर्षी उलटं झालं. तिथल्या डेटा नियामकाने एका रिअल इस्टेट कंपनीला ४०,००० युरो दंड केला, कारण तीन ते पंधरा मिनिटं माउस-कीबोर्ड थांबला की तिचं सॉफ्टवेअर तो वेळ 'निष्क्रिय' धरायचं, पगार कापला जाऊ शकायचा आणि वर स्क्रीनचे फोटोही निघायचे. किती रिटर्न भरले, किती ड्रॉइंग पास झाली, हे मोजा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, सोमवारी सकाळची पंधरा मिनिटं लागतात.

दारं आधी लावा

प्रत्येकाला स्वतःचा लॉगिन द्या. 'ऑफिस१२३' हा एकच पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल तर पुढची कोणतीही नोंद फुकट, कारण काय झालं ते कळेल पण कोणी केलं ते कळणार नाही. कोणाच्याही रोजच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नकोत. मालकांच्याही नको. (इथे बहुतेकांचा चेहरा पडतो.)

सर्व्हरवरचे फोल्डर ज्याचं काम त्यालाच उघडतील असे करा. पेनड्राइव्हवर कॉपी करणं बंद करता येतं. विंडोज प्रो असेल तर ते ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमधून होतं. विंडोज होममध्ये ती सोय नसते, म्हणून ऑफिससाठी होमवाले लॅपटॉप घेऊ नका असं मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कोणीतरी सेलमध्ये चार घेऊन येतं. क्लायंटशी पत्रव्यवहार ऑफिसच्या डोमेनवरच्या ईमेलने करा. कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवर कामं चालली असतील तर उद्या त्या मेलबॉक्सवर तुमचा कसलाच हक्क नाही. जुगार, टोरेंट, फुकट सिनेमे हे डीएनएस फिल्टर, म्हणजे साइटच्या नावावरून ती अडवणारी गाळणी, लावून राउटरवरच अडवा. अडवलेल्या साइटवर कोण गेलं ते शोधत बसावं लागत नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल मुद्दाम सांगते. 'कोणी व्हाउचर बदललं' हे शोधायला मालक स्क्रीन बघायला निघतात. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे ती माहिती तुमच्याकडे असायलाच हवी. वेगवेगळे युजर करून ती वाचायला शिका.

नोंदी कोणत्या ठेवाव्यात

सर्व्हरवरची कोणती फाइल कोणी उघडली, बदलली, उडवली; फायरवॉलमधून (ऑफिस आणि इंटरनेटच्या मधला पहारेकरी) कोणत्या मशिनवरून कोणती साइट उघडली; लॉगिन कधी झालं. बस. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात, त्यामुळे एवढं तसंही लागतंच.

फायरवॉलला साधारणपणे साइटचं नाव दिसतं, आतलं पान दिसत नाही. काही फायरवॉल आतलंही वाचू शकतात. त्यासाठी प्रत्येक मशिनवर फायरवॉलचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेव असं मशिनला सांगणारी फाइल, घालावं लागतं. ते करणारच असाल तर बँका, दवाखाने आणि सरकारी साइट त्यातून वगळायला लावा. विक्रेता आपणहून वगळेलच असं नाही, बिल देण्याआधी समोर बसून यादी तपासा.

टाइप केलेलं प्रत्येक अक्षर टिपणारं सॉफ्टवेअर मी बसवत नाही. दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्या, पण माझं एएमसी तिथे संपतं. त्या एका फाइलीत तुमच्या सगळ्या माणसांचे बँकेचे पासवर्ड साध्या अक्षरांत पडून असतात. ती चोरीला गेली तर पोलिसांना काय सांगणार? घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक गुपचूप चालू करण्याबद्दलही हेच. माणूस घरी कोणत्या अवस्थेत बसलाय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय टिपणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे.

कायदा थोडक्यात

मालकांचे वकील सांगतात की डीपीडीपी कायद्यात, म्हणजे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कारणासाठी संमती लागत नाही. अर्धं खरं आहे. कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, उदाहरणार्थ व्यापारी गुपितं सांभाळायला, तशी मुभा आहे. पण गोळा केलेली माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी त्याने सुटत नाही. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आठ माणसांच्या ऑफिसला तेवढा होईल असं मी म्हणत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे, तेव्हा घडी बसवायची ती याच काळात.

कायद्यापेक्षा मला एका खटल्याचा जास्त उपयोग होतो. बुखारेस्टमधल्या बर्बुलेस्कू नावाच्या इंजिनिअरला २००७ मध्ये नोकरीवरून काढलं, कारण क्लायंटसाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलत होता. कंपनीने त्या गप्पांची ४५ पानं छापून काढली. खासगी वापर करू नका असा नियम होता आणि त्याला तो माहीत होता. तरीही युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. किती आणि कशी नजर ठेवली जाईल, मजकूर वाचला जाऊ शकतो का, हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण त्यातले प्रश्न मालकांसमोर ठेवते: आधी सांगितलं का? कारण काय? याहून कमी घुसखोरीत भागलं असतं का?

नोटीस मराठीत लावा

ऑफर लेटरच्या अकराव्या पानावर इंग्रजीत एक ओळ घालून 'आम्ही कळवलं होतं' म्हणू नका. एका पानाची वेगळी नोटीस द्या, सही घ्या, एक प्रत कर्मचाऱ्याकडे राहू द्या. मी देते तो मसुदा असा:

"ऑफिसचे कॉम्प्युटर, ईमेल आणि इंटरनेट कामासाठी आहे. कोणत्या साइट उघडल्या आणि सर्व्हरवरच्या कोणत्या फाइली उघडल्या, बदलल्या किंवा काढून टाकल्या, याची नोंद होते. ऑफिसच्या पत्त्यावरचे ईमेल लेखी कारण नोंदवून, दोन व्यक्तींच्या समोर उघडले जाऊ शकतात. स्क्रीनचे फोटो, टाइप केलेला मजकूर, कॅमेरा आणि आवाज यांची नोंद ठेवली जात नाही. तुमच्या स्वतःच्या फोनवर ऑफिस नजर ठेवणारं काहीही बसवत नाही. नोंदी १८० दिवसांनी पुसल्या जातात. त्या फक्त खालील दोघे बघू शकतात. तुमच्याबद्दलची नोंद तुम्हाला बघायची असेल तर यांना सांगा."

खाली दोन नावं, हुद्दे, तारीख. 'ठेवली जात नाही' हे वाक्य खोडू नका. लोक सगळ्यात आधी तेच वाचतात.

व्हॉट्सॲप वेबचं काय करायचं, हा प्रश्न यानंतर येतोच. क्लायंट बिलं व्हॉट्सॲपवर पाठवतात, त्यामुळे बंद करता येत नाही. ऑफिसचा वेगळा नंबर घ्या, बिझनेस ॲप वापरा आणि मशिनवर तोच जोडा. स्वतःचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर, गेस्ट वाय-फायवर. मग कुठलाही लॉग काढला तरी घरचं त्यात येत नाही. ईमेल स्वतःच्या फोनवर द्यायचाच असेल तर अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल करता येतं. माणूस सोडून गेला की फक्त तेवढा कप्पा पुसला जातो, मुलांचे फोटो जागेवर राहतात.

संशय आला तर

"मॅडम, तिचा मेल उघडा, मी लाइनवर आहे," असा फोन आला तर मी उघडत नाही. ईमेलवर लेखी मागा: कोणाचा, कोणत्या तारखांमधला, कशासाठी. मग मालक आणि दुसरी एक व्यक्ती समोर असताना तेवढंच उघडायचं आणि वहीत नोंद करायची. निम्मे मालक लिहायला बसले की विचार बदलतात.

प्रकरण कोर्टात जाईल असं वाटत असेल तर त्या मशिनला हातच लावू नका. उघडून बघत बसलात की फाइलींच्या तारखा बदलतात. मशिन बंद करून कपाटात ठेवा, डिस्कची प्रत जाणकाराकडून काढून घ्या आणि तिची हॅश किंमत (प्रत बदलली नाही हे दाखवणारा, फाइलीच्या बोटांच्या ठशासारखा कोड) लिहून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात ही हॅश भरावी लागते.

तुम्ही नोकरी करणारे असाल तर

क्रोमच्या तीन टिंबांच्या मेन्यूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतं का बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा, आयफोनवर जनरलमध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'. कुठल्याही बँकेची साइट उघडून तिचं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या ऑफिसचं किंवा फायरवॉल कंपनीचं नाव असेल तर आतलं पान वाचलं जाऊ शकतं. काही अँटीव्हायरसही असंच करतात, लगेच भांडायला जाऊ नका. इन्कॉग्निटोने ऑफिसपासून काही लपत नाही, तसं त्याच पानावर लिहिलेलं असतं. यातलं काही सापडलं तर काढून टाकू नका, त्यानेच नोकरी अडचणीत येईल. एचआरला ईमेल करून चार गोष्टी विचारा: काय नोंदवता, कोण बघतं, किती दिवस ठेवता, कुठे ठेवता. आणि बँक, डॉक्टर, नवी नोकरी शोधणं, हे सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर.